बंगळूरची मिलिटरी हॉटेले

सरकारी कामाच्या निमित्ताने मी प्रथम बंगळूरला गेलो त्या वेळची एक फजिती आधी सांगतो. उतरण्याची सोय जुन्या पेठेजवळ होती. दुपारचा एक वाजून गेला होता, भूक लागली होती, आणि शहर अगदीच अपरिचित. रस्त्याने जाताना एका दारावर पाटी दिसली. वर कानडी अक्षरे, खाली इंग्रजीत ‘मिलिटरी हॉटेल’. लष्करातील लोकांच्या भोजनाची ही जागा असावी, आपणांस तेथे कोण बसू देणार, असे मनाशी म्हणत मी पुढे निघालो. दोन गल्ल्या ओलांडल्या तो तशीच दुसरी पाटी. पुढे तिसरी. या शहरात लष्कराचा एवढा बुजबुजाट कसा, याचे नवल करीत मी चौकातल्या पोलिसाला विचारले, आत जाण्यास काही परवाना लागतो काय? तो हसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, खिशात पैसे असले म्हणजे पुरे.

आत गेल्यावर आणखी एक नवल वाट पाहत होते. लाकडी बाके, संगमरवरी फळ्यांची मेजे, भिंतीवर शिवछत्रपतींचे रंगीत चित्र आणि त्याला ताजा हार. माझ्याबरोबरचे सहकारी व मी आपसांत बोलत होतो, ते ऐकून गल्ल्यावर बसलेले वृद्ध गृहस्थ उठून आले आणि म्हणाले, “बसा जी. जेवून जावा.” ही मराठी कोल्हापुराकडची म्हणावी तर तशी नव्हती, बेळगावची म्हणावी तर तीही नव्हती. तिच्यात कानडीचा हेल होता, काही शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी असत तसले जुने होते, आणि क्रियापदांची वळणे मधूनच अनोळखी वाटत होती. परंतु ती मराठी होती, आणि ती बोलणाऱ्याच्या घरात कित्येक पिढ्या महाराष्ट्र कोणी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून ही पाटी माझ्या मनात घर करून राहिली आहे. बंगळूर हे खाण्याच्या दृष्टीने भाग्यवान शहर आहे. स्थानिक कुटुंबांनी चालविलेली, दोन-दोन तीन-तीन पिढ्या टिकलेली उपाहारगृहे येथे जितकी आढळतात तितकी थोड्या शहरांत आढळतील. त्यांतल्या इडली-डोशाच्या घरांची कीर्ती सर्वत्र पोचली आहे. मिलिटरी हॉटेलांची कीर्ती मात्र पुष्कळ काळ त्या त्या पेठेपुरतीच होती. आणि आपल्या, म्हणजे मराठी माणसाच्या, इतिहासाचा एक न लिहिलेला कागद तेथे शिजत पडला आहे याची आपल्यास वार्ताही नाही.

बंगळूरचा आणि मराठ्यांचा संबंध शाळेतल्या पुस्तकात एका वाक्यात उरकलेला असतो. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे शहर १६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याने घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते, आणि पुढे हे शहर त्यांच्या जहागिरीत आले. त्यांचा वाडा आजच्या चिक्कपेठेच्या परिसरात होता असे सांगतात. बाल शिवाजी काही काळ येथे वडिलांजवळ राहून मग पुण्यास परतले. शहाजीराजांच्या दरबारात जयराम पिंड्ये हा कवी होता. त्याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक भाषांचे कवी ज्या दरबारात वावरत होते असा एक दरबार दक्षिणेत नांदत होता हे आपणांस कळले. १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. त्यांची समाधी आजच्या दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे या गावी आहे. व्यंकोजीराजे तंजावरास गेले, आणि १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेऊन ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजास दिले. तीन लाख रुपयांचा हा व्यवहार सर्वश्रुत आहे.

पुस्तकातली कथा येथे संपते. माणसे मात्र संपत नाहीत. राजे जातात, जहागिरी विकल्या जातात. पण घोड्यांना खरारा करणारे, तोफा ओढणारे, रसद पोचविणारे आणि त्यांची बायकामुले एका रात्रीत उठून दुसऱ्या मुलखात जात नसतात. अठराव्या शतकात पेशव्यांच्या स्वाऱ्या कर्नाटकात वारंवार होत राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर आलेले काही लोक मागे राहिले. पुढे म्हैसूर संस्थानच्या घोडदळात ‘शिलेदार’ हा आपला शब्दच पथकाचे नाव होऊन बसला. आजच्या बंगळूरच्या मराठा घरांपैकी कोणते शहाजीराजांबरोबर आले आणि कोणते दीडशे वर्षांनंतर, हे सांगत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक घराला आपण पहिल्या फळीतले वाटतो, आणि त्यात गैर काही नाही.

या लोकांच्या बरोबरीने दुसरी एक मराठी वस्ती म्हैसूर राज्यात होती, ती लेखणीची. हैदर व टिपू यांच्या राजवटीत हिशेब कानडी, मराठी आणि फारशी अशा तीन भाषांत ठेवले जात. देशस्थ ब्राह्मण कारकून, अमलदार, वकील अशी ही मंडळी. तंजावरच्या बाजूने त्यांची आणखी एक शाखा विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर दरबारात अगदी वरच्या पायरीवर आली. १९०६ ते १९०९ या काळात व्ही. पी. माधवराव हे दिवाण होते. त्यांच्यानंतर १९१२ पर्यंत टी. आनंदराव. बडोदे व इंदूर संस्थानांच्या दिवाणगिरीमुळे आपल्यास परिचित असलेल्या सर टी. माधवरावांचे हे चिरंजीव. बंगळूरच्या रेल्वे स्थानकापासून जवळच ‘आनंदराव सर्कल’ नावाचा गजबजलेला चौक आहे, तो त्यांच्याच नावाचा.

आता गंमत पाहा. याच चौकापासून फार लांब नसलेल्या कॉटनपेठेत एस. जी. राव यांचे मिलिटरी हॉटेल आहे, आणि त्याची स्थापना १९०८ ची सांगितली जाते. म्हणजे विधानसौधाचा मागमूस नसलेल्या त्या काळात, एका वर्षी एकाच शहरात, एक मराठी राव दिवाणाच्या खुर्चीवर बसत होते आणि दुसरे मराठी राव चुलीवर मटणाचे पातेले चढवीत होते. नावापुढे ‘राव’ लावण्याची चाल येथे ब्राह्मणांत आहे तशी मराठ्यांतही आहे, त्यामुळे परका माणूस हमखास फसतो. बंगळूरात वाढून तामीळ चित्रपटाचा नायक झालेले रजनीकांत हे मूळचे शिवाजीराव गायकवाड, हे सर्वांस ठाऊक आहेच. पण दोन्ही रावांची मातृभाषा एक असली तरी पंगत एक नव्हती. दिवाणसाहेब त्या बाकावर येऊन बसण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडेही तेव्हा काय निराळे होते? १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा आला, आणि त्या पेल्यांवरून उठलेल्या वादळात न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवला. चहाच्या एका पेल्याने पुणे हादरावे असा तो काळ. घराबाहेर, परक्याच्या हातचे, परक्याच्या शेजारी बसून खाणे ही साधी पोटाची गोष्ट नव्हती. प्रत्येक घासाबरोबर आपण कोण आहोत याचा दाखला द्यावा लागे.

आणि नेमक्या याच वेळी बंगळूर वाढू लागले होते. १८६४ मध्ये रेल्वे आली. कॉटनपेठेच्या बाजूला कापडाची गिरणी निघाली. १८९८ च्या प्लेगने जुनी पेठ ओस पडली, आणि मोकळ्या हवेच्या बसवनगुडी व मल्लेश्वरम या नव्या वस्त्या आखण्यात आल्या. १९०५ मध्ये शिवसमुद्रमच्या धबधब्यावरून वीज येऊन रस्ते उजळले. गिरणीचा कामगार, खेड्यातून कचेरीच्या कामाला आलेला शेतकरी, वसतिगृहातला विद्यार्थी, एकटा राहणारा कारकून या सर्वांना भूक होती आणि घर नव्हते. कोठे खावे, हा प्रश्न एखाद्या लहान गावात पडत नाही. तेथे कोणाचे ना कोणाचे दार उघडे असते. तो शहरात पडतो. आणि त्या काळच्या शहराने त्याला आधी जातीच्या भाषेतच उत्तर दिले.

एक उत्तर उडुपीकडून आले. उडुपीजवळच्या परंपळ्ळी गावचे मय्या बंधू स्वयंपाकी म्हणून बंगळूरला आले, आणि १९२४ मध्ये त्यांनी लालबाग किल्ला रस्त्यावर एक लहानसे उपाहारगृह काढले. त्याचे नाव होते ‘ब्राह्मिन्स कॉफी क्लब’. आज सारा देश ज्याला ‘एम. टी. आर.’ म्हणून ओळखतो ते हेच. नावातल्या पहिल्या शब्दाने गिऱ्हाइकाला अभय दिले होते: रांधणारा कोण आहे याची चिंता नको. दक्षिणेत रेल्वेच्या उपाहारगृहांतसुद्धा ब्राह्मणांसाठी बसण्याची वेगळी सोय असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अभयाची किंमत कळते.

मिलिटरी हॉटेल हे त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर होते. हा शब्द कोठून आला याविषयी बंगळूरात तीन-चार कथा ऐकावयास मिळतात. कोणी म्हणतात, मराठा शिपायांनी पलटण सोडल्यावर ही हॉटेले काढली म्हणून. कोणी म्हणतात, १८०९ मध्ये इंग्रजांनी छावणी वसविली, तेथल्या शिपायांसाठी ही निघाली म्हणून. जुने मालक पहिली कथा अर्थातच अधिक रंगवून सांगतात. मला स्वतःला दोन्हींवर सर्वस्वी भिस्त ठेवता येत नाही. कारण हीच पाटी तामीळ व तेलुगू प्रदेशांतही दिसते, आणि तेथे मराठ्यांचा काही संबंध नसतो. माझी समजूत अशी की हा शब्द शेजारच्या पाटीला उत्तर म्हणून निघाला. एका दारावर ‘ब्राह्मण’ लिहिले होते. मग येथे मांस शिजते, आणि जो येईल त्याला मिळते, हे दुसऱ्या दाराने कोणत्या शब्दात सांगावे? ‘नॉनव्हेज’ हा शब्द पुढचा, आणि तो नकारातून जन्मलेला. ‘मिलिटरी’त नकार नाही. उलट थोडीशी मिशीवर पीळ देण्याची ऐट आहे. ती ऐट बंगळूरच्या मराठ्यांना मनापासून आवडली असल्यास नवल नाही, आणि म्हणूनच या शहरात या धंद्याला मराठा घराण्यांचा चेहरा आला.

पदार्थांविषयी बोलल्याखेरीज पुढे जाणे अन्यायाचे होईल. येथले मुख्य अन्न म्हणजे रागीमुद्दे. आपल्या भाषेत नाचणीच्या पिठाचा वाफाळता उंडा. तो चावावयाचा नसतो. बोटांनी लहानसा गोळा तोडावा, मटणाच्या पातळ साऱ्यात बुडवावा आणि तसाच गिळावा. पहिल्या दिवशी मी तो भाकरीसारखा चावू लागलो तेव्हा समोरच्या बाकावरचा हमाल दयेने माझ्याकडे पाहत होता. ‘कैमा उंडे’ म्हणजे खिम्याचे गोळे. आपला ‘उंडा’ आणि त्यांचा ‘उंडे’ यांतले नाते सांगावयास कोशाची जरुरी नाही. ‘काल सूप’ म्हणजे बकऱ्याच्या पायांचे सार. कानडीत ‘कालु’ म्हणजे पाय. सकाळी इडलीबरोबर हे सार पिणारे लोक बंगळूरात आहेत. जुन्या पेठांतील तालमींना येथे ‘गरडी मने’ म्हणतात. तेथून घाम गाळून आलेल्या पहिलवानांची सकाळ अशा सारानेच होत असे.

आणि बिर्याणी. लखनौ किंवा हैदराबादची आठवण ठेवून येथे येणाऱ्याची निराशा होईल. हिच्यात लांब दाण्याचा तांदूळ नाही, केशर नाही, गुलाबपाणी नाही. जिऱ्यासारखा बारीक दाण्याचा तांदूळ, कोथिंबीर-पुदिना व हिरव्या मिरचीचे वाटण, आणि वाळल्या पानांचा द्रोण. द्रोणाला कानडीत ‘दोन्ने’ म्हणतात, म्हणून ही दोन्ने बिर्याणी. नबाबाच्या दस्तरखानापेक्षा मोहिमेवरच्या चुलीशी तिचे अधिक जुळते, असे मला वाटते. हा इतिहास नव्हे, जिभेची साक्ष आहे, आणि ती न्यायालयात टिकणार नाही हेही मी जाणतो. बहुतेक मिलिटरी हॉटेले दुपारी तीन-चारच्या सुमारास पातेली पालथी घालतात. रात्रीपुरते शिल्लक ठेवण्याची त्यांची पद्धत नाही.

दोन पाट्यांमधली भिंत कशी व कधी पातळ झाली, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. धर्म, जात, लिंग यांवरून तेथे कोणालाही मज्जाव करता येत नाही. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात हॉटेलाला जागा द्यावी असे घटनाकारांना वाटले, कारण पाण्याचा पेला आणि बसण्याची जागा यांवर किती माणसांचा अपमान झाला आहे हे त्यांतल्या अनेकांनी अनुभवले होते. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला. मी सरकारी नोकर आहे. कायदा कागदावरून रस्त्यावर उतरताना किती वळणे घेतो हे पाहण्यात माझी नोकरी गेली आहे. तेव्हा कायद्याने पाट्या बदलल्या असे मी म्हणणार नाही. १९५७ मध्ये मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागात एका कॅफेच्या पाटीवरील ‘ब्राह्मण’ हा शब्द पुसावा म्हणून पेरियार रामस्वामी यांना चळवळ उभारावी लागली. शब्द एवढाच; पण त्यासाठी लोक अटक करवून घेत होते.

बंगळूरात असा संग्राम झाला नाही. येथे गोष्टी सौम्यपणे बदलतात; हा गुण की दोष, ते ज्याचे त्याने ठरवावे. मय्या बंधूंपैकी यज्ञनारायण मय्या १९५१ मध्ये युरोपात जाऊन आले. तेथल्या उपाहारगृहांची स्वच्छता त्यांच्या मनात भरली. परत आल्यावर त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची व्यवस्था केली. १९६० मध्ये हॉटेल नव्या जागेत गेले तेव्हा ‘ब्राह्मिन्स कॉफी क्लब’ ही पाटी गेली आणि ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ ही आली. मावळ्ळी हे त्या भागाचे नाव. जातीच्या जागी गाव आले आणि शुद्धतेच्या जागी स्वच्छता आली. या दोन शब्दांत केवढे अंतर आहे ते सांगावयास नको. तरी सर्वत्र तसे झाले असेही नाही. शंकरपुरम भागात १९६५ मध्ये निघालेल्या एका प्रसिद्ध इडलीगृहाने नावात ‘ब्राह्मिन्स’ हा शब्द ठेवला आणि तो आजही आहे. तेथे रस्त्यावर उभे राहून सर्व जातींचे लोक चटणीसाठी पुन्हा पुन्हा हात पुढे करतात, आणि पाटीकडे कोणी पाहत नाही.

याच सुमारास, १९५७ मध्ये, कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करून नोकर कमी करण्याचे ठरविले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या, आणि त्यांतली पहिली संस्था बंगळूरची. वाढप्यांच्या मालकीचे हॉटेल ही कल्पना आज सोपी वाटते. ज्या देशात वाढणाऱ्याची जात विचारून मग पाणी पिण्याची रीत होती, तेथे डोक्यावर तुऱ्याचा फेटा घातलेला वाढपीच मालक झाला, ही लहान घटना नव्हती. बसून जेवण्याचा वेळ ज्यांना नव्हता त्यांच्यासाठी १९८० नंतरच्या दशकात ‘दर्शिनी’ आल्या. उभ्याने खावे, आपली बशी आपण उचलावी. शेजारी कोण उभा आहे हे विचारण्याइतकी सवडच त्यांनी कोणाला ठेवली नाही. सुधारकांना पन्नास वर्षांत न जमलेले काम थोडेबहुत घाईने केले.

मिलिटरी हॉटेलांना मात्र नाव बदलण्याची वेळ आली नाही. जो शब्द मुळात सर्वांना आत बोलावीत होता तो पुसण्याचे कारण नव्हते. आता तेथे रविवारी सकाळी संगणक कंपन्यांतील तरुणांच्या रांगा लागतात. त्यांतले कित्येक ज्या घरांत मांसाचे नाव घेणे वर्ज्य होते तेथले आहेत. ‘दोन्ने बिर्याणी’ हे नाव लावून चकचकीत दुकाने चहूकडे निघाली आहेत, आणि त्यांचे मालक मराठा असतीलच असे नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. पदार्थ गावाचा झाला की तो घराचा राहत नाही.

मला रुखरुख वाटते ती निराळ्या गोष्टीची. लेखणीच्या मराठीची नोंद राहिली. तिच्या दिवाणांची नावे चौकांना आहेत, तिचे मोडी कागद दप्तरखान्यांत आहेत, जयराम कवीचे काव्य छापून झाले आहे. पळीच्या मराठीचा एक कागद नाही. त्या पहिल्या दिवशीच्या वृद्ध गृहस्थांना मी पुढे कितीदा तरी भेटलो. एकदा मी त्यांच्याजवळ जुन्या वह्या, हिशेब, पत्रे असे काही आहे काय म्हणून विचारले. ते बराच वेळ आठवत राहिले. परवाना कानडीत आणि इंग्रजीत, हिशेब कानडीत, मुलांचे शिक्षण इंग्रजीत. मराठी लिहिता त्यांच्या वडिलांनाही येत नव्हते. नातू तर ती समजतो तेवढी, बोलत नाही.

मग ते मला दुकानामागच्या बोळातून आपल्या घरी घेऊन गेले. हॉटेलाचा मसाला अद्याप घरातच होतो, आणि तो घरातल्या बायका करतात. ओसरीवर त्यांची वहिनी सुनेला दुसऱ्या दिवशीचे वाटण सांगत होती. सून कानडी घरातून आलेली. बाकीचे बोलणे सारे कानडीत चालले होते. पण मापे निघाली तेव्हा सासूच्या तोंडी एकामागून एक मराठी शब्द आले, पसाभर धने, मूठभर मिरच्या, चिमूटभर हळद, आणि सून तेच शब्द तसेच परत म्हणत हाताने जिन्नस काढीत होती.